हसायचं का नाही, ते सांगा

सुखदेव भाऊ इंगळे टीव्ही रिमोटने बंद करत नाहीत. मेन स्विच पाडतात.

टीव्ही त्यांच्या खालच्या खोलीत, मेन स्विच जिन्याखाली, आणि वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहते. मीटर एकच. त्यामुळे इंग्लंडातल्या कुणा लेखकाने सुखदेव भाऊंना न पटणारा प्रसंग लिहिला की इथे पिंपळगाव राजात माझा मिक्सर बंद पडतो. मागच्या महिन्यात शेंगदाण्याची चटणी तीनदा अर्धवट राहिली. तिसऱ्यांदा मी मिक्सरचं भांडं हातात घेऊनच खाली उतरले.

"भाऊ, रिमोट कशासाठी असतो?"

"मॅडम, रिमोटनं बंद केलं तं त्याईले वाटते, मानूस जेवाले उठला. त्याईले समजलं पाह्यजे का मानूस चिडला."

"त्यांना तिकडे कसं समजणार?"

"नाही समजलं तं नाही समजलं. मले तं समजते."

या माणसाशी भांडून उपयोग नसतो, हे मला आठ वर्षांत कळलेलं आहे. तरी मी भांडते. सोसत राहिलं तर एक दिवस माझ्या फ्रिजचंही काही खरं नाही.

भाऊंचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक त्यांच्याकडे टाकतात. भाऊ जळकी तार उपसतात, नवी भरतात, वॉर्निश मारतात. चाळीस वर्षं हेच काम केल्यामुळे जगाबद्दल त्यांची मतं फार साधी झालेली आहेत. "मोटार एक तं चालू रायते, नाही तं जळलेली रायते. मधात काही नसते," असं ते माणसांबद्दल, सरकारबद्दल आणि माझ्या स्वयंपाकाबद्दलही म्हणतात.

अशा माणसाच्या हातात इंग्लंडातल्या विनोदी मालिका पडल्या, हे दुर्दैव. कुणाचं, ते अजून ठरलेलं नाही.

त्यांची एकुलती मुलगी वैशाली नर्स आहे. आई ती शाळेत असतानाच गेली. दोन वर्षांपूर्वी वैशाली इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलात लागली आणि जाताना मालिका पाहायचं स्वतःचं खातं वडिलांच्या टीव्हीत टाकून गेली. आपल्याकडच्या मालिकांचा भाऊंना तिटकारा. "इथं बाया स्वयंपाक करताना बी शालू नेसून रायतात," म्हणून. तेव्हा ते तिकडच्या, हिंदी आवाज दिलेल्या मालिका पाहू लागले, आणि मी हायस्कूलवर इंग्रजी शिकवत असल्यामुळे तरीही न कळलेल्या जागांसाठी दुभाषी म्हणून माझी नेमणूक झाली. मला कुणी विचारलं नाही.

पहिली मालिका तीन भावांची. त्यांचं कपडे धुण्याचं दुकान असतं, दर भागात मशीन बिघडतं, तिघं एकमेकांवर ढकलतात, गिऱ्हाइकाची पँट आखडते. मागून लोकांच्या हसण्याचा आवाज. भाऊ खूष.

"हे खरं शिटकॉम," एक दिवस ते म्हणाले. 'सिटकॉम' हा शब्द मीच शिकवलेला. "पह्यल्या भागात जशे, तशेच शेवटच्या भागात. कोनी सुधरत नाही, कोनी मरत नाही. घर तेच, सोफा तोच. मानूस हसाले मोकळा."

मग ती दूधवाल्याची मालिका आली. तीही अर्ध्या तासाची, तीही 'विनोदी' म्हणून त्याच रांगेत मांडलेली. दूधवाला पहिले चार भाग दारोदार घसरत, कुत्र्यांपासून पळत राहतो. पाचव्या भागात त्याची आई त्याला म्हणते, "दूध तिथं ठेवा, आणि तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा." भाऊ खो खो हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की मागून कुणीच हसत नाही. दूधवाला दारात तसाच उभा आहे, आणि म्हातारीला खरंच काही आठवत नाही.

खट. माझा पंखा थांबला.

"मी हसलो ना मॅडम," जिन्याखालून आवाज आला. "त्या बाईले पोराचं नाव आठवून नाही राह्यलं, अन् मी हसलो. काऊन हसवलं मले? हसायचं का नाही, ते आधी सांगाले काय होते त्याईले?"

मी समजावलं की याला कॉमेडी ड्रामा म्हणतात. हसवता हसवता दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही दुधात पाणी मीच घालते.

"मंग वेगळ्या कॅरेटमधी ठेवा ना. टमाट्याच्या कॅरेटमधी मिरच्या टाकल्या तं बजारात मार पडते."

त्यांनी मला तक्रारीचं पत्र लिहायला लावलं. मी इंग्रजीत, सभ्य भाषेत लिहिलं. वाचून दाखवल्यावर म्हणाले, "याच्यात राग कुठी हाय?" मी दोन वाक्यं जरा तिखट केली. उत्तर आलं: आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, मालिकेचा आनंद घेत राहा. त्या दिवशी वीज तासभर आली नाही.

पुढे मी एक चूक केली. त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं की तिकडच्या लोकांचंही यावर एकमत नाही. बक्षीस द्यायची वेळ आली की एकच मालिका कुणी या गटात घालतं, कुणी त्या. मला वाटलं, हे ऐकून ते निवळतील.

"म्हंजे बनवनाऱ्यालेच माहीत नाही?" ते हळू आवाजात म्हणाले. "मी मोटार भरून देऊ, अन् गिऱ्हाइकाले सांगू का बाप्पा, पानी बी येऊ शकते, आग बी लागू शकते?"

त्या दिवसापासून दुकानात दुसरा विषय नाही. सोपान नावाचा एक शेतकरी मोटार न्यायला आला होता. त्याची मिरची उभी वाळत होती. भाऊंनी हातातली तार खाली ठेवली आणि त्याला पाऊण तास हा फरक समजावला.

"भाऊ," सोपान शेवटी म्हणाला, "ते शिटकॉम असो का फिटकॉम, माह्या मिरचीले पानी पाह्यजे."

"तुले समजत नाही बे."

"हाव, नाही समजत." त्याने अर्धी भरलेली मोटार उचलली, गाडीवर बांधली आणि खामगावचा रस्ता धरला.

मी जिन्यातून सगळं पाहत होते. "गिऱ्हाईक घालवलंत," मी म्हटलं. "तेही एका खोट्या दूधवाल्यापायी."

"खोटा हाय का खरा, हेच तं इचारून राह्यलो," ते ओरडले. मला वाटलं, या माणसाला आता खरंच काही झालंय.

आणि मग परवाचा रविवार. भर दुपार. मी सहामाहीचे पेपर तपासत होते. पंखा थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. घाम कागदावर टपकायला लागला, तेव्हा मी उठले. स्वतंत्र मीटर घ्या, नाही तर मी खोली सोडते, असं वाक्य पाठ करतच खाली गेले.

भाऊ दुकानाच्या पायरीवर बसले होते. वाक्य ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घेऊ मीटर. पह्यले एक काम करा. मधात जा, स्विच वर करा, अन् उरलेलं पाहून मले सांगा."

"काय सांगू?"

"कोनी येते का नाही ते."

"कोण? कुठे?"

त्यांनी हाताला लागलेलं वॉर्निश उगाच खरवडलं. "एक पोरगी हाय. नर्स. दुसऱ्या देशातून आलेली. तिचा वाढदिवस हाय, अन् ती केक घेऊन हॉस्पिटलच्या जेवनाच्या खोलीत बसली. मेनबत्ती लावली. एक डॉक्टर येते, साखर मांगते. दुसरी येते, तिचा चमचाच घेऊन जाते. तिसरा म्हनते, हे उरलेलं फेकून देऊ का. कोनी इचारत नाही का बाई, केक कायचा. मी तिथं बंद केलं. शिटकॉम असंल, तं सगळे येतात शेवटी. दाराआड लपले रायतात. नसंल, तं कोनी येत नाही."

मी काही बोलणार, तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "मंगळवारी वैशीचा वाढदिवस झाला. मी फोन केला. म्हने, बाबा, केक कापला. म्हनलं, कोन कोन होतं? तं हसली अन् म्हने, सगळे."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो गेल्यावर ते पुढे सांगू लागले.

"दोन वर्षं झाली पाहून राह्यलो मॅडम. मले काय हसाचा शौक हाय? तिथचे लोक कशे हायेत, ते समजावं म्हनून पाह्यतो. पोट्टीले ताप आला तं कोनी पानी देते का. अन् हे हरामखोर सांगतच नाहीत, का हे खरं हाय का हसाले केलेलं हाय."

मी आत गेले. स्विच वर केला. उरलेली सात मिनिटं उभ्यानेच पाहिली.

बाहेर आले तेव्हा ते उठून उभे होते. "आले का सगळे?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. पण वर्गात चुकीचा शब्दार्थ सांगताना जीभ अडते, तशी माझी अडली.

"सगळे नाही आले," मी म्हटलं. "फरशी पुसणारा आला. बादली घेऊन. त्याने विचारलं, हे कुणी खाणार आहे का?"

"मंग?"

"मग बसला तिच्यासमोर. गुडघा दुखतो म्हणून सांगत होता."

"खाल्ला केक?"

"दोन तुकडे."

हे कुठल्या गटात बसतं, असं भाऊ आता विचारतील, आणि मला सांगता येणार नाही, अशी मला भीती वाटत होती. त्यांनी विचारलं नाही. फोन काढला, पायरीवर ठेवला आणि चिकट बोटाने वैशालीला स्पीकरवर लावला. तिकडे सकाळ होती. ती रात्रपाळी संपवून बसमध्ये होती, मागे गाडीचा घरघराट ऐकू येत होता.

"वैशी, मंगळवारी कोन होतं?"

ती हसली. "बाबा, सांगितलं ना..."

"हसू नको. मी हसाले नाही इचारून राह्यलो."

हसणं थांबलं. मी वर निघून जायला हवं होतं. गेले नाही.

"कोनी नव्हतं बाबा," ती म्हणाली. "कामाची पाळी बदलली होती. मी एकटीनंच कापला."

आता स्फोट होणार म्हणून मी भिंतीला टेकले. पण भाऊ फोनजवळ वाकले आणि त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "कायचा होता?"

"चॉकलेटचा."

"गोड होता का?"

"लय गोड होता. गेलाच नाही मले." आणि तिला रडू फुटलं.

भाऊंनी तिला गप्प राहा म्हटलं नाही. एक गिऱ्हाईक मोटार घेऊन दारात आलं, त्याला हातानेच उद्या ये म्हणून खुणावलं. ती रडून थोडी शांत होईपर्यंत ते नुसते हुंकार देत राहिले. मग मांडी घालून बसले.

"मंगळवारी सकाळी उठली, तिथून सांग," ते म्हणाले. "काही गाळू नको. मले घाई नाही."