चिमणीने अडवलेलं उद्घाटन

नियोजनात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय, हे आधीच सांगून टाकतो. माणसं प्रवासाला निघताना पाण्याची बाटली विसरतात. मी ती विसरली जाणार हे गृहीत धरून दुसरी बाटली भरून दाराच्या कडीला अडकवून ठेवतो. ती दुसरी बाटलीही कडीलाच राहते असं बायको म्हणते, पण तो अंमलबजावणीचा दोष आहे. नियोजनात खोट नाही.

पर्यावरण शिक्षण विभागात मी नियोजन अधिकारी आहे. शाळेतल्या मुलांना आणि सर्वसामान्य जनतेला निसर्गाशी कसं वागावं हे शिकवायचं, हे आमचं काम. त्यासाठी एका जुन्या गोदामात निसर्ग शिक्षण केंद्र उभारायचं ठरलं. तक्ते, जंगलाचा देखावा, खुर्च्या, सगळं मी जातीनं बसवून घेतलं. केंद्रप्रमुखाची खुर्चीही मीच निवडली. काळी, उंच पाठीची, गोल फिरणारी आणि खाली चाकं असलेली. माप माझ्या पाठीचं घेतलं होतं, कारण तिच्यात मीच बसणार होतो. आमच्या संचालिका बाईंनी तसं जवळजवळ सांगितलंच होतं.

"उद्घाटनाच्या दिवशी ज्याचं काम लोकांच्यात उतरलेलं दिसेल, तोच केंद्रप्रमुख," त्या म्हणाल्या होत्या.

आता लोकांच्यात काम उतरवायचं म्हणजे आधी लोक पाहिजेत. शाळांचा प्रश्न नव्हता. शिक्षिका मुलांची रांग करून आणतात आणि मुलं मुकाट्यानं बसतात. अडलं ते सर्वसामान्य जनतेपाशी. 'घरटी वाचवा' या माझ्या पहिल्या व्याख्यानाला जनता म्हणून एकटे पहारेकरी मामा होते, आणि तेही दिवे बंद करायला थांबले होते.

दुसऱ्या व्याख्यानाला मी सासूबाईंना नेलं. त्या थोडे दिवस राहायला म्हणून आमच्याकडे आल्या होत्या आणि त्यांचे थोडे दिवस अजून संपले नव्हते. शिवाय सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या मैत्रिणींचा मोठा घोळका होता. एक सासूबाई उचलली की मागून अख्खी जनता येते, हा माझा हिशोब अचूक ठरला.

"आई, तुम्ही फक्त पुढच्या रांगेत बसा," मी म्हणालो. "ऐकलं नाहीत तरी चालेल."

"मी आजवर कुणाचं न ऐकता बसलेली नाही जावईबापू," त्या म्हणाल्या. खरं तर आजवर त्यांनी कुणाचंच ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं, पण त्या दिवशी मात्र त्यांनी अक्षर न् अक्षर ऐकलं. व्याख्यानानंतर मी प्रत्येकीला 'घरटे रक्षक' असा हिरवा बिल्ला आणि मी लिहिलेली नियमांची पत्रिका दिली. पत्रिका फार जोरकस उतरली होती. घरटं दिसलं की भोवती दोरी बांधा. आवाज करू नका, कुजबुजा. घरटं ज्या दाराला, खिडकीला किंवा यंत्राला असेल ते पिल्लं उडून जाईपर्यंत वापरू नका. आणि शेवटी लिहिण्याच्या भरात मी एक ओळ आणखी घातली होती: 'समोर अधिकारी असो वा पाहुणा, कुणाचीही सबब ऐकू नये.'

ती ओळ वाचताना सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे तेज चढलं, ते मी वेळीच ओळखायला हवं होतं.

केंद्र तयार झालं, पण प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळेना. तोवर कुणी आत शिरून धूळ करायला नको म्हणून मी शटर खाली ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. संचालिका बाईंनासुद्धा आत पाऊल टाकू दिलं नाही. पुष्कळ दिवस ते शटर कुणी हलवलं नाही. नियोजन म्हणजे असं.

अखेर तारीख मिळाली. उद्घाटनाच्या दिवशी नवा कोट घालून मी लवकर केंद्रावर गेलो, तर शटरसमोर दोरी बांधलेली. दोरीच्या आत सासूबाई आणि त्यांचा घोळका, सगळ्यांच्या छातीवर हिरवे बिल्ले. कडेला पहारेकरी मामा हाताची घडी घालून उभे.

"आई, हे काय?" मी मोठ्यानं विचारलं.

घोळक्यानं एकदम ओठांवर बोट ठेवलं. सासूबाईंनी वर खूण केली. शटर जिथं गुंडाळलं जातं त्या डब्याच्या फटीतून गवताच्या काड्या लोंबत होत्या. तेवढ्यात एक चिमणी चोचीत अळी घेऊन आली, फटीत शिरली आणि आतून पिल्लांनी एकच कालवा केला.

शटर वर ओढलं तर घरट्याचा चुरा होणार. नाही ओढलं तर माझ्या खुर्चीचा. गोदामाला दुसरं दार नव्हतं, हे मीच नकाशात 'सुरक्षित' म्हणून अधोरेखित केलं होतं.

"आई, थोडंसंच वर करू," मी कुजबुजलो. "माणूस वाकून आत जाईल एवढंच."

"पत्रिकेत थोडंसं असं काही नाही."

"पण ती पत्रिका मीच लिहिलीय!"

"म्हणून तर तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," सासूबाई म्हणाल्या. मैत्रिणींनी माना हलवल्या. एकीनं तर पत्रिका काढून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी अधिकारी आणि सबब दोन्ही एकदमच झालो.

मी बायकोला फोन लावला.

"अहो, तुमच्या आईंना जरा समजवा," असं मी घाईत तिचंच वाक्य तिला ऐकवलं आणि मग सावरून म्हणालो, "म्हणजे तुझ्या आईला."

"माझ्या आईला समजावणं जमलं असतं, तर मी लग्नाआधीच जमवलं असतं," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल बरंच समजवायचं होतं तेव्हा." आणि तिनं फोन ठेवला.

पण घाबरून जाईल तो नियोजन अधिकारी कसला! मी तिथल्या तिथे नवी योजना आखली. समारंभ बाहेर अंगणात घ्यायचा. अडचण एवढीच की खुर्च्या, टेबल, फीत, कात्री आणि लाउडस्पीकर सगळं आत होतं. मागच्या बाजूला न्हाणीघराला एक खिडकी होती. तिथं बाहेर मातीचा उंचवटा होता, त्यामुळे बाहेरून ती कमरेएवढी लागायची. मी आत उतरायचं, सामान खिडकीतून मामांच्या हातात द्यायचं आणि पाहुणे यायच्या आत बाहेर पडून दोरीपाशी हसतमुख उभं राहायचं. सोपं काम.

"साहेब, तुम्ही जाणार आत?" मामांनी माझ्या पोटाकडे पाहत विचारलं.

"हा कोट आहे मामा. कोटामुळे माणूस भारदस्त दिसतो."

कोट काढल्यावरही भारदस्तपणा तसाच राहिला, पण मामांनी मागून रेटा दिला आणि मी पिंपातलं पीठ सांडावं तसा आत सांडलो. लगेच कामाला लागलो. आधी फीत आणि कात्री दिली. मग लाउडस्पीकर. मग घडीच्या खुर्च्या एकामागून एक. मग पायऱ्यांचं स्टूल. मग टेबलाचे पाय सोडवून टेबल. मामा सामान पुढे नेऊन मांडत होते आणि मी आतून सूचना देत होतो. शेवटची खुर्ची खिडकीबाहेर गेली तेव्हा मी समाधानानं हात झटकले. इतकं सुरळीत काम मी स्वतःसुद्धा क्वचितच केलं असेल.

मग बाहेर पडायला वळलो. खिडकी माझ्या डोक्याच्याही वर होती. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा पुष्कळ खोल होती, हे मी उतरलो तेव्हा जाणवलं नव्हतं, कारण उतरताना मी फारसा उतरलो नव्हतो, पडलो होतो. आता चढायला काहीतरी हवं होतं. आणि चढता येईल असं जे जे होतं, ते सगळं मी स्वतःच्या हातानं बाहेर दिलं होतं.

फक्त एक वस्तू खिडकीतून जात नव्हती म्हणून उरली होती. केंद्रप्रमुखाची खुर्ची.

ती मी खिडकीखाली ढकलत आणली आणि तिच्यावर उभा राहिलो. खुर्ची उत्तम प्रतीची होती. मी डावा हात वर केला की ती उजवीकडे फिरायची, आणि दोन्ही हात वर केले की सरळ न्हाणीघराच्या दारातून बाहेर निघायची. दोनदा मी जंगलाच्या देखाव्यात जाऊन पडलो. वाघाचा एक कान माझ्या हातात आला.

"मामा! मामा!" मी हाका मारल्या. मामा पुढे खुर्च्या मांडत होते. एवढ्यात बाहेर गाड्या थांबल्याचा आवाज आला. संचालिका बाई आल्या, प्रमुख पाहुणे आले, शाळांच्या रांगा आल्या. मी शटरला कान लावला.

बाहेर इतक्या माणसांचा जमाव आणि काहीही ऐकू येईना. मग सासूबाईंचा कुजबुजता आवाज आला. त्या पाहुण्यांना घरटं दाखवत होत्या. मी शाळेत शिकवलेलं सगळं मुलं पाहुण्यांना कुजबुजत सांगू लागली: चिमणी पिल्लांना अळ्या का भरवते, दोरी लांब का बांधायची, वर बघताना गर्दी का करायची नाही. एकाही पोरानं आवाज चढवला नाही. लाउडस्पीकर लावलाच नाही. संचालिका बाईंनी भाषण कुजबुजत केलं, पाहुण्यांनीही कुजबुजत केलं आणि लोकांनी टाळ्यांच्या जागी नुसते हात हलवले असावेत, कारण वाऱ्यासारखी सळसळ झाली.

मला भरून आलं. खरंच सांगतो, वाघाचा कान हातात धरून मी डोळे पुसले. मी केलेलं काम लोकांच्यात असं उतरलं होतं, आणि ते उतरलेलं बघायला लोकांच्यात मी तेवढा नव्हतो.

"मी इतकी वर्षं उद्घाटनं करतोय," पाहुणे हळूच म्हणाले, "पण आत न जाताच केंद्र कळलं, असं पहिल्यांदाच झालं. हे नियोजन कोणाचं?"

हाच तो क्षण होता. मी शटरवर दोन्ही हात आपटले आणि ओरडलो, "माझं!"

चिमणी भुर्रकन उडाली. पिल्लांनी किंकाळी फोडली. आणि तेवढ्या सगळ्या मुलांनी एका सुरात केलं, "शूऽऽऽ!"

"आत कोण आहे?" संचालिका बाईंनी घाबरून विचारलं.

"काही नाही, आमचे जावई आहेत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पिल्लं उडाली की येतील बाहेर."

मी खुर्चीत जाऊन बसलो. पाठीला अगदी बरोबर बसत होती. बाहेर चिमणी परत आल्याची कुजबुज झाली आणि मग संचालिका बाईंचा आवाज आला.

"आजी, तुम्ही कुणापुढेही नमला नाहीत. अगदी पाहुण्यांनाही दोरीच्या बाहेर थांबवलंत. असं माणूस मला केंद्राच्या प्रमुखपदी हवंय. मानद का होईना, पण याल का?"

"येईन," सासूबाई म्हणाल्या.

"आणि तुमचे जावई? ते आमचे नियोजन अधिकारी आहेत. त्यांना तुमच्या हाताखाली देऊ?"

मी खुर्चीसकट शटरपाशी सरकलो आणि कान लावला.

"थोडे दिवस ठेवून बघते," त्या म्हणाल्या.

मामांनी शिडी आणली तेव्हा मी बाहेर आलो. पुढं पिल्लं यथावकाश उडाली आणि केंद्र सुरू झालं. ते उत्तम चाललंय, गर्दी मावत नाही, आणि याचं मूळ कुठं आहे हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. शिडीचं महत्त्व ओळखून मी ती आता कायम हाताशी ठेवली आहे. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला.