विजेच्या कंपनीचं शिलाई मशीन

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ग्रंथपाल घरातही दबक्या आवाजातच बोलायचे. त्या सकाळी मात्र ते चक्क ओरडले.

"अगं, दहापट झाले! आपले शेअर दहापट!"

बायको गुडघ्यांना तेल चोळत होती. "कुठले?"

"विजेच्या कंपनीचे! तुझ्या मोटरवाल्या मशीनचे पैसे घातले होते ना, तीस वर्षांपूर्वी?"

तिला ते विसरणं शक्य नव्हतं. पायाचं मशीन चालवून, लोकांचे कपडे शिवून तिने ते पैसे साठवले होते. "थोडी कळ काढ. लोक काय वीज वापरायची सोडणार आहेत?" असं म्हणत यांनी ते कंपनीत गुंतवले. दरवर्षी लाभांश यायचा आणि विजेच्या बिलात जायचा, म्हणजे कंपनीचे पैसे कंपनीलाच. सुरुवातीला त्यात वर्षाचं बिल भागायचं. यंदा महिन्याचंही भागलं नव्हतं, पण ग्रंथपालांनी ते मनावर घेतलं नाही. दहापट म्हणजे दहापट!

इकडे गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे मशीन वर्षभर झाकलेलं होतं. धाकट्या मुलीचे दिवस भरत आले होते, आणि बाळाची पहिली झबली आपणच शिवायची, एवढीच बायकोची इच्छा उरली होती.

शेअर विकून पैसे हातात आले, त्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली होती. तिला चकित करायचं म्हणून ग्रंथपालांनी आधी भंगारवाल्याला बोलावून जुनं मशीन देऊन टाकलं, आणि मग दुकान गाठलं.

"मोटरवालं दाखवा. चांगल्यातलं."

दुकानदाराने किंमत सांगितली. ग्रंथपालांनी चष्मा पुसला, जणू किंमत त्यांनी वाचली होती.

"अहो, पूर्वी तर..."

"पूर्वी कधी, काका?"

"तीस वर्षांपूर्वी." ग्रंथपालांनी होते नव्हते तेवढे पैसे काउंटरवर ठेवले.

"तेव्हापासून पंधरापट झालीये. एवढ्या पैशात पायाचं येईल. नाहीतर असं करा, घरी जुनं आहे ना? त्यालाच मोटर बसवून देतो. पैसे उरतीलसुद्धा."

ग्रंथपाल धावतच भंगारवाल्याकडे गेले. तो हातोडा खाली ठेवत होता. मशीनचे चार तुकडे वेगवेगळ्या ढिगांत पडले होते.

बायको घरी आली तेव्हा खिडकीपाशी पायाचं नवं मशीन होतं आणि शेजारी ग्रंथपाल मान खाली घालून उभे होते. त्यांनी सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त नव्या चाकावरून हात फिरवला.

"तीस वर्षं कळ काढली हो मी," ती म्हणाली आणि मशीनसमोरच्या खुर्चीत बसली.

 ग्रंथपालांनी स्टूल ओढलं, तिच्या समोरच्या बाजूने मशीनखाली पाय घातले आणि पायडल दाबलं. चाक उलटं फिरलं, दोरा तुटला.

"दुसऱ्या बाजूला! आणि हळू," ती म्हणाली. तिने पुन्हा दोरा ओवला आणि सुईखाली मऊ कापड सरकवलं.

पहिल्या झबल्याची एक बाही झाली. ग्रंथपालांना धाप लागली.

"थांबूया का जरा? गुडघे भरून आलेत गं."

तिने मान वर केली नाही. डोळे पुसले आणि दुसरी बाही सुईखाली घेतली.

"थोडी कळ काढा," ती म्हणाली.