रिजेक्ट करणारे किसनआप्पा

"काहीही विचारा? काहीही म्हंजी काय? तुझ्या दारात पाव्हणा आला तर त्याला म्हणतो का, बसा, काहीही मागा? आधी पाणी देतो, कुठलं गाव इचारतो. आन् ह्यो तुझा फोन रिकामं ताट मांडून जेवा म्हणतोय."

किसनआप्पा त्यांच्या ओट्यावरून ओरडत होते आणि मी खाली उभा राहून ऐकत होतो. आप्पांचा आवाज असा, की ते वडगाव रासाईत चिडले तर भीमेपलीकडे दौंड तालुक्यातल्या म्हशी पान्हा चोरतात.

चूक माझीच होती. शिरूरला एका मेडिकलच्या वर दोन खोल्यांत आमची कंपनी आहे. बोलून किंवा लिहून सांगितलं की पत्र, अर्ज, जाहिरात, हवं ते लिहून देणारं एआयचं अ‍ॅप आम्ही बनवतो. असलं काही पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या माणसाला ते सोपं वाटावं, म्हणून त्याचे स्क्रीन आखणं हे माझं काम. तपासायला एक अगदी नवखा माणूस हवा होता, म्हणून टेस्टिंगचा फोन मी शेजारच्या किसनआप्पांना दिला. नागाच्या बिळात हात घालणारा माझ्यापेक्षा शहाणा. त्याला निदान एकदाच चावतं.

आप्पांनी उभी हयात रांजणगावच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काढली. तिथला नियम असा, की शिफ्ट सुरू झाली की मशीनमधून पहिला नग काढायचा, इन्स्पेक्टरला दाखवायचा आणि तो पास म्हणाला तरच बाकीचा लॉट काढायचा. त्याला म्हणतात फर्स्ट पीस. आप्पा रिटायर झाले, फर्स्ट पीस झाला नाही. घरी मामींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, पहिली भाकरी आप्पांच्या हातात जाते, ते ती उजेडात धरून कडेनं फिरवतात आणि मग दुसरी तव्यावर पडते. पुतण्याच्या लग्नात त्यांनी भटजींना पहिलं मंगलाष्टक आधी म्हणून दाखवायला लावलं आणि "सूर अर्धा एमएम वर हाय" म्हणून परत पाठवलं. मुहूर्त गेला. नवरी हळदीच्या अंगानं झोपून गेली, असंही लोक सांगतात. मी सांगत नाही, मी त्या वेळी जिलबी पास होण्याची वाट बघत होतो.

असा माणूस माझ्या स्क्रीनला सोडतोय होय?

'काहीही विचारा' लिहिलेली रिकामी चौकट नको म्हणाले, म्हणून मी तिच्याखाली नमुन्याची बटणं दिली. कविता लिहा. सहलीचा बेत आखा. आप्पांनी भिंगातून वाचलं आणि भिंग खाली ठेवलं. "सहल? रानात शेवंतीची फुलं तोडणीला आल्यावर सहल? कुणाच्या घरच्यानं आखलंय ह्ये?"

बटणं बदलली. मग उत्तराच्या लांबीवर घसरले. "एवढुसं इचारलं तर पाटाच्या चारीचं दार तुटल्यागत वाहतंय. फर्स्ट पीस दाखव म्हण त्याला. एक वळ लिही. मग इचार, चालंल का. मग काढ म्हणावं लॉट."

हे मी आमच्या पुण्यातल्या साहेबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. साहेब म्हणाले, असं मध्ये मध्ये थांबलेलं यूजरला आवडत नाही. आप्पा मागेच बसले होते. त्यांनी फोन ओढून घेतला. "कोण तुमचा यूजर? मी हाय न्हवं यूजर. मला कवा इचारलं?" साहेबांचं नेट त्याच क्षणी गेलं. पुण्यातलं नेट फार हुशार.

चौथ्यांदा स्क्रीन नापास झाला तेव्हा मात्र माझंही डोकं फिरलं. "आप्पा, तुम्हाला त्यावर लिहायचंय तरी काय? तुमचा कुठला असा अर्ज अडलाय?"

"तुला काय करायचंय," आप्पा म्हणाले, फोन ओट्यावर ठेवला आणि शेवंतीच्या वावरात निघून गेले.

आप्पांना भांडणात पाठ फिरवताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी फोन उचलला. त्यावरचं सगळं मी वाचणार, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते विसरले असतील. किंवा नसतीलही.

सगळे प्रश्न एकाच गोष्टीचे होते.

"पोरीला पत्र लिही." "पोर तीन वर्सं बोलत न्हाई, काय लिहू." "चूक बापाची हाय पन लई मोठी करून लिहू नको."

पोर म्हणजे मनीषा. रांजणगावच्या त्याच कारखान्याच्या ऑफिसात आप्पांनी शब्द टाकून तिला चिकटवली होती. ती नोकरी सोडून तिनं दौंडला केकचं दुकान टाकलं. उद्घाटनाला आप्पा गेले, अगदी इस्त्रीचा सदरा घालून. पोरीनं मोठ्या हौसेनं पहिला केक कापून बापाच्या हातात दिला. आप्पांनी तो उजेडात धरला, कडेनं फिरवला, घास घेतला आणि सासरची माणसं, गिऱ्हाईकं सगळी उभी असताना म्हणाले, "रिजेक्ट. शटर वढ." त्यांच्या हिशेबी ते काम होतं. तिच्या हिशेबी काय होतं, ते तिनं बापाला आजवर सांगितलेलं नाही. फोन करते तो आईला.

आणि आमच्या शहाण्या अ‍ॅपनं या माणसाला दर वेळी पानभर उत्तर दिलं होतं. प्रिय कन्ये, नात्यांचा रेशमी धागा, काळाच्या ओघात वगैरे. एकाखाली आप्पांनी लिहिलं होतं, "मी असं बोलत न्हाई. ती वळखंल."

मला आमच्या अ‍ॅपचा एवढा संताप कधी आला नव्हता. साहेबांना न विचारता मी दोन दिवसांत स्क्रीन नवा केला. रिकामी चौकट काढून टाकली. आधी एकच प्रश्न, कुणाला लिहायचंय. मग दुसरा, काय झालंय. मग त्यांच्याच शब्दांतली एकच ओळ आणि खाली दोन मोठी बटणं, पास आणि रिजेक्ट.

फोन घेऊन मी शेवंतीच्या बांधावर गेलो. आप्पा माझ्याकडे न बघता फोनशी बोलले, हळू आवाजात. आप्पांना हळू आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. ओळ आली.

"मनीषा, दुकानात मी तसं बोलाय नको होतं."

त्यांनी भिंग लावलं. एवढ्या वेळात माणसानं आख्खी पोथी वाचली असती. मग पास दाबलं. पुढची ओळ काढू का, असं फोननं विचारलं.

"नको," आप्पा त्यालाच म्हणाले. "एवढाच लॉट."

ती ओळ मी त्याच फोनवरून मनीषाला मेसेज करून पाठवली. मी उठायला लागलो तर आप्पांनी माझ्या सदऱ्याची बाही धरली आणि मला शिव्या द्यायला सुरुवात केली. पासचं बटण हिरवं पायजे, ह्ये कसलं पोपटी, कारखान्यात असतास तर गेटबाहेर घातला असता. शिव्या देताना नजर फोनवरून हलत नव्हती. मीही बसून राहिलो आणि पोपटी रंगाची बाजू घेऊन जमेल तेवढं भांडलो.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. आप्पांनी तो माझ्याकडे सरकवला. "तू वाच. माझं भिंग कुठं गेलं कोण जाणं."

भिंग त्यांच्या दुसऱ्या हातात होतं. मी वाचलं.

"सोमवारी दुकान बंद असतं. तेव्हा येते."