भोंगा नियमात बसतो

लष्करी सॉफ्टवेअर यापुढे फक्त 'कौरी' या सुरक्षित प्रोग्रामिंग भाषेतच लिहावं, असा आदेश निघाला, तेव्हा वल्लरीला मनापासून बरं वाटलं. सुरक्षित हा शब्द तिच्या आवडीचा. चार वर्षांच्या सिद्धीला ती द्राक्षंसुद्धा उभी चिरून द्यायची.

हेन्डरसन उपनगरातल्या छोट्याशा कंपनीत तिच्याकडे एकच काम होतं: नौदलाच्या प्रशिक्षण बोटीवरचा भोंगा. माणूस समुद्रात पडला की तो वाजायचा. प्रोग्राम जुन्या भाषेतला होता आणि दर वेळी बिनचूक चालायचा. पण आदेशात भाषेचा उल्लेख होता, वाजण्याचा नव्हता.

सगळं कौरीत पुन्हा लिहिलं. मग लक्षात आलं, कौरीत अचानक काही घडूच शकत नाही. अचानक घडतं ते धोक्याचं, म्हणून समितीने ती सोयच काढून टाकलेली. आता माणूस पाण्यात पडला की प्रोग्राम शांतपणे नोंद घेणार आणि मासिक अहवालात कळवणार.

"अरे रणजित, महिन्याभराने कळून काय करायचं? श्राद्ध?" तिने मॅनेजरला विचारलं.

रणजित मूळचा कोथरूडचा, आता पक्का किवी. "चिल, वल्लरी. सूट मागू."

सूट देणारी वेबसाइट जुन्या भाषेत होती. आदेशानुसार ती बंद केली होती.

तपासनीस बाई आल्या. 'किया ओरा' असा माओरी नमस्कार झाला, कॉफी झाली.

"कौरीत आहे?"

"आहे. पण भोंगा वाजत नाही."

"वाजणं आमच्या कक्षेत येत नाही," बाई गोड हसल्या. "आणि खरं सांगू? कौरी आल्यापासून एकाही बोटीवर धोक्याचा इशारा वाजलेला नाही. आकडे फार सुंदर आहेत."

राहिली सुरक्षा अभियंत्याची, म्हणजे वल्लरीची सही.

"तुझा व्हिसा या नोकरीवरच आहे ना गं?" रणजितने अगदी मायेने विचारलं.

वल्लरीने सही केली.

पुढच्याच महिन्यात डेकेअरची सहल ठरली, नेमकी त्याच बोटीवर. सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानात कोथिंबीर निवडताना सिद्धीच्या डेकेअरमधल्या ईशाची आई, आनंदी, भेटली.

"मी घाबरतच होते बाई! पण डेकेअरला विचारलं, तर म्हणे सरकारी सर्टिफिकेट आहे. आणि सही चक्क तुझी! म्हटलं, मग बघायलाच नको."

वल्लरीच्या हातातली जुडी हातातच राहिली. खरं सांगावं तर सही खोटी ठरणार, आणि मग नोकरी, व्हिसा, सगळंच.

"सगळं नियमात आहे," ती म्हणाली. ते खरंही होतं.

सहलीच्या सकाळी तिने डेकेअरला फोन केला. सिद्धीला ताप होता.

"आय ॲम नॉट सिक, आई!" जाकीट घालून दारात उभी असलेली सिद्धी रडायला लागली. "व्हाय इज ईशा गोइंग देन?"

"ईशाच्या आईने सगळी चौकशी केलीय, बाळा," वल्लरी म्हणाली आणि तिने दाराला आतून कडी घातली.