किंजळच्या पाठीवरचं वजन

आमच्या रेसकोर्सवर घोड्याच्या पाठीवर जॉकी आणि खोगीर यांच्यासोबत मालकाची आशाही वजनात धरतात. पद्धत सोपी आहे. रेसच्या आधी मालकाला काट्यावरच्या खुर्चीत बसवायचं. काटेवाले सोनटक्के त्याला गेल्या वर्षीच्या पंचांगातलं एक पान वाचून दाखवतात आणि वजन टिपतात. मग त्याच्या घोड्याचं नाव घेतात आणि पुन्हा टिपतात. जो फरक येईल तेवढं शिसं खोगिराच्या खिशांत भरतात.

ज्याचे दहा घोडे त्याची आशा दहा ठिकाणी वाटली जाते, कोणाला जाणवतही नाही. माझे मालक श्रीपतराव इंगवले एका वेळी एकच जनावर ठेवायचे, आणि आता ती किंजळ होती. मी त्यांचा खाजगी ट्रेनर. चौदा वर्षांत दुसऱ्या कोणाच्या जनावराला मी हात लावलेला नाही, आणि याचा मला गर्व होता, तो लपवण्याचं कारण नाही. बायको गेल्यावर श्रीपतरावांनी कोल्हापूरचा कौलांचा कारखाना पुतण्यांच्या हवाली केला आणि तबेल्यामागे खोली घेऊन राहिले. त्यांची आशा नऊ किलो भरायची.

किंजळच्या उजव्या पुढच्या पायाचं टेंडन एकदा दुखावलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, छप्पन किलोंच्या वर एक किलो चढवाल तर पाय जाईल. रेसच्या घोड्याचा पाय मोडला की मैदानातच भोवती पडदा धरतात आणि शेवटचं इंजेक्शन देतात. बरं, पळवूच नये म्हणावं तर हंगामात एकदाही न पळालेलं जनावर आमच्याकडे नियमाने लिलावात जातं. शेवटची रेस उरली होती. जॉकी आणि खोगीर मिळून चोपन्न किलो. मालकांना दोन किलोंची मुभा होती आणि हातात सहा आठवडे.

घोडीला काही शिकवायचं राहिलं नव्हतं. मी मालकांना शिकवायला घेतलं.

पहाटेच्या कसरतीला यायचं नाही, हे पहिलं. घोडीला नावाने हाक मारायची नाही, हे दुसरं. रोज संध्याकाळी ते तिला गुळाचा खडा द्यायचे, तो त्यांनी शेजारच्या तबेल्यातल्या घोड्यांना द्यावा असं मी ठरवून दिलं. दुपारी त्यांना समोर बसवून मी किंजळ हरलेल्या रेसेस एकेक करून सांगायचो. कितवी आली, कुठे मागे पडली, कोण पुढे गेलं, सगळं.

"ट्रेनरसाहेब, लई अवघड काम लावलंसा," ते एकदा म्हणाले. "मान्साला एवढं बी ठेवायचं न्हाई म्हंजे काय?"

"दोन किलो ठेवा की," मी म्हणालो. "कोण नको म्हणतंय?"

"दोन किलोत काय मावतंय?"

पण माणूस शब्दाचा पक्का. दुसऱ्या आठवड्याला सहा भरले, चौथ्याला तीन. पाचव्या आठवड्यात मी मुद्दाम किंजळला त्यांच्या खोलीसमोरून नेलं. ते दाराशी बसून नखं कापत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मला इतका आनंद झाला की मी तिथेच थांबून तिच्या मानेवर थाप मारली. गुळाची तिची सवय काही तुटत नव्हती आणि मालकांना तर बंदी, म्हणून खडा आता मीच देत होतो.

रेसच्या दिवशी श्रीपतराव खुर्चीत बसले. सोनटक्क्यांनी पंचांगातलं पान वाचलं, वजन टिपलं. मग म्हणाले, "किंजळ." काटा हलला नाही.

"शून्य," सोनटक्के म्हणाले. "अभिनंदन. आता तुम्ही बसा."

"मी?"

"कलम चौदा. एकाच मालकाचं अन्न खाणारा ट्रेनर त्याच्या घरचा धरावा. तुम्हाला पहिली दोन वर्षं बसवलं होतं, तेव्हा काही निघालं नाही, म्हणून पुढे न बसवताच शून्य लिहीत आलो. आज साहेब लोक तपासणीला आलेत. बसून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम."

मी बसलो. वैशाख वद्य पंचमीपासून अमावास्येपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी तिचं नाव घेतलं.

"सात किलो," सोनटक्के म्हणाले.

एकसष्ट झाले. मी म्हटलं घोडी मागे घेतो, तर ती मुदत आदल्या दिवशीच संपली होती. मी डोळे मिटून तिच्या हरलेल्या रेसेस आठवायला लागलो, तर प्रत्येक वेळी ती कशी थोडक्यात हुकली तेवढंच आठवत राहिलं. काटा सव्वासातवर गेला.

"उतरा, उतरा," सोनटक्के म्हणाले. "वाढतंय."

श्रीपतराव इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. ते शांतपणे पुढे आले.

"ह्यो आमचा मानूस नसला तर?"

"मग यांचं वजन धरता येत नाही. पण बडतर्फीचा अर्ज लागेल, आणि एकदा काढलेल्या ट्रेनरला त्याच मालकाने पुन्हा ठेवायचं नाही. नाहीतर दर रविवारी हेच चालेल."

"कायमचं?"

"कायमचं. कारण लिहावं लागतं."

श्रीपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

"लिवा," ते म्हणाले, "जीव जास्त लावला."

सोनटक्क्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं. शेजारच्या तबेल्याच्या ट्रेनरने किंजळच्या नावापुढे सही केली. त्याचे बावीस मालक आहेत, कोणाच्याही घोड्यासाठी त्याचा काटा हलत नाही. मी गळ्यातला बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि तिकीट काढून पब्लिक स्टँडमध्ये जाऊन उभा राहिलो. तिथल्या लोकांची आशा कोणी मोजत नाही.

चोपन्न किलो घेऊन ती सुटली. अर्ध्या वाटेवर सहावी होती, वळणावर चौथी. मी कठड्यावर पोट टेकून ओरडत होतो, घसा फाटेपर्यंत ओरडलो, चौदा वर्षांत कधी ओरडलो नव्हतो. ती घोड्याच्या अर्ध्या लांबीने जिंकली आणि चारही पायांवर चालत परत आली. मी रडलो.

विजेत्याच्या चौकात श्रीपतराव तिचा लगाम धरून उभे होते. फोटोवाला त्यांना हसायला सांगत होता. फोटो झाल्यावर त्यांनी लगाम दुसऱ्याकडे दिला, मैदान ओलांडून आले आणि कठड्यापलीकडे उभे राहिले.

"ट्रेनरसाहेब, जितली म्हनं."

"जिंकली."

"बरं वाटाया पायजे न्हवं?"

"हो."

ते थोडा वेळ छातीवर हात ठेवून उभे राहिले. मग हात खाली घेतला.

"तुमास्नी वाटतंय?"

"खूप वाटतंय," मी म्हणालो.

"मग झालं तर," ते म्हणाले आणि घोडीकडे परत गेले.