मंडप प्रवर्गातलं विमान

दौंडच्या अलीकडं, भीमेकाठच्या एका वस्तीवर, मारुतरावांनी कांद्याच्या चाळीत दोन माणसांचं विमान बांधलं. आता त्यात वायरिंग तेवढं राहिलं होतं. ही बाब वरकरणी किरकोळ होती.

मारुतराव कुरकुंभच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. तिथं एकदा केबल पेटली, तेव्हा आग पोचायच्या आधी धुरानंच माणसं आडवी झालेली त्यांनी पाहिली होती. म्हणून त्यांनी विमानाची खास वायर मागवली. बारीक तांब्याच्या तारांची, थरथरीनं न तुटणारी, सहजासहजी पेट न घेणारी आणि धूर जेमतेम करणारी. दुसऱ्या खुर्चीवर सोजराबाई बसणार होती. जिच्या काठावर जन्म गेला ती नदी एकदा वरनं बघायची, एवढीच तिची हौस. बायकोची ही एक हौस पुरवावी म्हणूनच मारुतरावांनी सगळा खटाटोप मांडला होता.

उड्डाणाची परवानगी वरून आली. अडलं ते गावात.

"मामा, तुमी गावावरनं उडणार," सरपंच म्हाळूआप्पा म्हणाले. "वायरिंगचा दाखला आणा. उद्या कुणाच्या गोठ्यावर पडलं तर लोक मला धरत्याल."

मागणी रास्त होती. मारुतराव विद्युत दाखला कक्षात गेले. तिथल्या संगणकात घरगुती, शेतीपंप, पिठाची गिरणी आणि मंडप असे चार प्रवर्ग होते. विमान नव्हतं.

"टेकू आहेत?" कारकुनानं विचारलं.

"तीन चाकं हायेत."

"छत?"

"पंख हायेत."

"काम झालं की जागेवरून हलवणार?"

"व्हय, त्याच्यासाठीच तर बांधलंय."

"मग मंडप," कारकून म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

यथावकाश निरीक्षकसाहेब पाहणीला आले. ती नाजूक वायर बघून त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"एवढी बारीक? मंडपाला जाड लागते."

"साहेब, जाड वायर वजनानं मारती. आन् इमान थरथरतंय, मंडप न्हाई."

"डीजे लागल्यावर मंडप बघितलाय कधी?"

 मारुतरावांनी बराच विचार केला आणि दोन्ही वायरी घातल्या. बारीक जिवासाठी, जाड साहेबांसाठी. जाड वायरीला काहीच जोडलेलं नव्हतं, त्यामुळं ती अत्यंत सुरक्षित होती. पण वजन वाढलं, आणि तेवढं वजन कुठून तरी कमी करणं भाग होतं. विमानातली काढता येण्यासारखी वस्तू एकच उरली होती.

"म्हंजी मला खाली ठिवून वायर हवा खाणार?" निघालेली खुर्ची बघून सोजराबाई म्हणाली.

"दाखला मिळूस्तवर गं. मिळाला की वायर काढतो आन् खुर्ची घालतो."

"तवापतुर मी ऱ्हाते का जाते, कुणाला ठावं," ती म्हणाली. मारुतरावांनी पाना हातातून सोडला नाही.

दुसऱ्या पाहणीत साहेब प्रसन्न होते. जाड वायर त्यांनी कुरवाळली. मग विमानाखाली वाकून ते बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

"अर्थिंग कुठंय?"

"साहेब, हे उडणार हाय."

"उडू दे की. नियम उडायला आडवा येत नाही. फक्त अर्थिंग सुटता कामा नये. सुटलं त्या क्षणी दाखला रद्द. आणि दुसरी खुर्ची घालणार म्हणताय, तर त्यासाठी जाड वायरीला हात लावायचा नाही. तीही दाखल्यात आहे."

चाळीशेजारी खोल खड्डा घेतला. त्यात तांब्याचा पत्रा, मीठ, कोळसा असं सगळं यथासांग घातलं आणि विमान जमिनीला जोडलं. दाखला मिळाला. म्हाळूआप्पांनी विमानाच्या नाकावरच्या पंख्याला हार घातला, साहेबांनी विमानाजवळ फोटो काढून घेतला, आणि पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं हे आपण पाहिलेलं सर्वांत सुरक्षित विमान असल्याचं भाषणात सांगितलं. ते खरंच होतं. ते हलतच नव्हतं.

खड्डा कोरडा पडू द्यायचा नाही, असंही नियमात आहे. त्यामुळं सोजराबाई रोज भीमेच्या पाण्याची बादली विमानाच्या बुडाशी ओतते. मारुतराव चाळीच्या उंबऱ्यावर बसून तिच्याकडं बघतात आणि नजर वळवतात. त्यांना लाज वाटते. पण कुणाची तक्रार करावी, हे त्यांना सापडत नाही. सगळे नियमानंच वागले.

तुम्हाला हसू येत असेल. येऊ द्या. पंचक्रोशीत खरंखुरं अर्थिंग असलेली तेवढी एकच वस्तू आहे. तुमच्या भिंतीतल्या प्लगला वरचं तिसरं भोक असेल, त्याच्यामागं वायर आहे की नुसतं भोकच आहे, हे कधी उघडून बघितलंय? आणि तुमची बायकापोरं तर तिथं रोजच हात लावतात. पण राहू द्या, कशाला उघडताय. दाखला तुमच्याकडंही असेलच.