बिनगेजची टाकी

आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीतले जाधवकाका महिनाभर मांडीवर मापासाठी बनवलेली पुठ्ठ्याची पेट्रोलटाकी घेऊन रिक्षातून फिरत होते. खऱ्या टाकीएवढीच, कोपरेसुद्धा तस्सेच गोल केलेले. रिक्षा खड्ड्यात आपटली की ओरडायचे, "अहो, सावकाश! टाकी आहे!" रिक्षावाला आधी काकांकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी बाहेर बघायचो. माझं ऑफिस आठवड्यातून दोनच दिवस असतं, हे त्यांना कळल्यापासून सोबतीला मीच.

काका कारखान्यात ड्रॉइंगं काढायचे. मालकाची दोन सीटची जुनी लाल स्पोर्ट्स कार तिथे शेडमध्ये सडत पडलेली. ती काकांनी आणि त्यांचा फिटर दोस्त दत्ता म्हात्रे यांनी मिळून घेतली आणि चालू केली. त्याला तीसेक वर्षं झाली. यंदा तिची टाकी गळायला लागली. पार्किंगभर वास. सेक्रेटरी म्हणाले, "महिन्याभरात टाकी बदला, नाहीतर गाडी हलवा."

दुसरा कुणी दोन दिवसांत टाकी बसवून मोकळा झाला असता. पण काकांना शंका येतात. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याला थांबवून विचारतात, "एक शंका. या जिलबीला वेढे किती?" आणि उत्तर मिळेपर्यंत जेवत नाहीत.

कल्याणच्या एका भंगारवाल्याकडे अगदी त्याच मॉडेलची टाकी निघाली. मी खूश. काकांनी आत टॉर्च मारला आणि मला बोलावलं. आत गंजाचे पोपडे सुटलेले, कोपऱ्यात उंदराचं घरटं. "एक शंका," ते भंगारवाल्याला म्हणाले, "भाडेकरूंसकट देता का?"

घोडबंदर रोडच्या गॅरेजमधल्या मुलाने ॲल्युमिनियमची टाकी दाखवली. चकाचक, हलकी.

"आणि अंकल, पेट्रोल किती आहे ते मोबाईलवर दिसणार."

"गेजशिवाय मिळेल?"

"गेज फ्री आहे, अंकल."

"फ्री असलं तरी नको."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मीही चक्रावलेलो. जिलबीचे वेढे मोजणारा माणूस पेट्रोल मोजायला नको म्हणतो?

शेवटी डोंबिवली एमआयडीसीतल्या शिंदेबाईंच्या वर्कशॉपमध्ये गेलो. बाई म्हणाल्या, हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, साधा पत्रा गंजेल, स्टेनलेस स्टीलची करू. काकांना पटलं. मग त्यांनी तिथल्या तयार टाक्यांत थोडं थोडं पाणी ओतायला लावलं, फोन लावला, तो टाकीला टेकवला आणि बोटाने टकटक केली.

"ऐकलंस?"

"न्हाय. बद्द वाजतंय," फोनमधून आवाज आला. "पत्रा जाड हाय. दुसरी वाजव."

पाचव्या टाकीला फोनवाला म्हणाला, "हां, ही बोलते." त्याच पत्र्याची टाकी काकांनी सांगितली. गेजसाठी भोक पाडायचं नाही, असं बाईंकडून दोनदा वदवून घेतलं.

टाकी बसली त्या रविवारी काका मला त्याच गाडीतून कोपरला, दत्तांच्या घरी घेऊन गेले. दत्ता म्हात्रे दारातच उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. सून म्हणाली, "सकाळपासून तयार होऊन बसलेत." तेव्हा मला कळलं. दत्तांना दिसत नव्हतं. चार वर्षांपूर्वी साखरेने डोळे गेलेले.

"गाडीचं गेज पहिल्यापासून बंदच होतं," काका मला हळूच म्हणाले. "टाकी वाजवून दत्ताच सांगायचा. बाकीची सगळी कामं सुटली त्याची. आता हेही काढून घेऊ?"

दत्ता चाचपडत डिकीपाशी आले. वाकले. टाकीला कान लावून खालून वर बोटाने वाजवत गेले. एका जागी थांबले.

"पाच लिटर."

वाटेत पंपावर पाच लिटर काकांनी माझ्यासमोर भरलेलं. आकडा दोनदा वाचून.

"नक्की?" काकांच्या कपाळावर खरोखरची काळजी.

"अरे, पाचच! भरून घे आधी, मग फिरू."

"बरं झालं सांगितलंस," काका दत्तांचा हात धरून त्यांना सीटवर बसवत म्हणाले. "नाहीतर रस्त्यात अडकलो असतो रे."